रत्नागिरीचा संडास घरात कसा आला

१९३२ सालच्या अखेरीस रत्नागिरीच्या तुरुंगातल्या एका राजकीय कैद्याने अधिकाऱ्यांकडे अजब मागणी केली: मला भंगीकाम द्या. मागणारे होते सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पा पटवर्धन. एम.ए. झालेले, प्राध्यापकी सोडून गांधीजींकडे गेलेले, दोनच वर्षांपूर्वी शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात आघाडीवर असलेले. तुरुंगात संडाससफाई जातीने वाटून दिलेली होती आणि ब्राह्मण कैद्याला ती देणं रिवाजात बसत नव्हतं. अप्पांनी अन्न कमी केलं. बातमी येरवड्याला पोचली. ३ डिसेंबरला गांधीजींनी तिथल्या तुरुंगात त्यांच्यासाठी उपोषण सुरू केलं आणि सरकार फेरविचार करणार असं आश्वासन मिळाल्यावर ते लगेच सोडलं.

याच गावात आदल्या वर्षी, १९३१ साली, पतितपावन मंदिर सर्व जातींना खुलं झालं होतं. भागोजीशेठ कीरांचा पैसा आणि स्थानबद्ध सावरकरांचा पुढाकार. त्या सोहळ्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. संडासाच्या मागच्या दाराबद्दल मात्र फारसं कोणी लिहीत नाही, आणि जातीची खरी वहिवाट त्या दारातून होती.

ते मागचं दार म्हणजे काय, हे आज समजावून सांगावं लागतं. शहरगावातल्या जुन्या घरांचा संडास मुख्य घरापासून दूर, परसाच्या टोकाला असे. दोन-चार पायऱ्या चढून वर बसायचं, खाली टोपली किंवा डबा. मागच्या भिंतीला जमिनीलगत एक झडप, आणि झडपेशी पोचायला मागची बोळ. पहाटे कोणीतरी त्या बोळातून यायचं, झडप उघडायचं, टोपली रिकामी करून डोक्यावरून न्यायचं. घरातल्या माणसांनी त्या व्यक्तीचं तोंडही पाहू नये, अशीच ती सगळी बांधणी होती. वास्तुरचना म्हणून पाहिलं तर ती बेमालूम होती, असं कबूल करावं लागतं.

वाडीवस्तीवर एवढाही थाट नव्हता. तिथे टमरेल घेऊन सड्यावर, काजूच्या बागेत नाहीतर पुळणीवर. बायकांना तर उजाडायच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच.

संडास घरापासून लांब ठेवण्याचं कारण एकच: वास. आणि वास अडवण्याचे मार्ग दोन, मातीने झाकणं किंवा पाण्याने अडवणं. पाण्याचा मार्ग शोधला अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने. १७७५ साली त्याने लंडनमध्ये पेटंट घेतलं ते भांड्याखालच्या वाकड्या नळीचं. नळी वळवली की वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं. मैला पाण्याच्या जोराने पलीकडे जातो, पण पलीकडचा वायू, माश्या, डास अलीकडे येऊ शकत नाहीत. इंग्रजी एस अक्षरासारखी वळली तर एस-ट्रॅप, पी सारखी वळली तर पी-ट्रॅप. मातीच्या मार्गाचा पुरस्कर्ता हेन्री मूल हा इंग्लंडमधलाच एक पाद्री. त्याने १८६० साली कोरड्या मातीच्या संडासाचं पेटंट घेतलं.

रत्नागिरीला या दोन्ही मार्गांची ओळख वेगवेगळ्या दिशांनी झाली. पाण्याचा मार्ग आला मुंबईहून. गिरण्यांत कामाला गेलेला कोकणी माणूस चाळीच्या टोकाचे सामाईक संडास वापरत होता. मुंबईतही मैला उचलायला माणसंच होती. १८८८च्या महापालिका कायद्यात त्यासाठी चक्क ‘हलालखोर कर’ होता. पण हळूहळू भूमिगत गटारं, डोक्यावरची लोखंडी टाकी आणि ओढायची साखळीही तिथे दिसू लागली. साखळी ओढली की सगळं नाहीसं होतं, हे चाकरमान्याने डोळ्यांनी पाहिलं. गावी मात्र त्याचा उपयोग नव्हता. एका वेळी दहा-बारा लिटर पाणी ओतायचं, तर ते विहिरीवरून कळशीने आणणार कोण? एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्याची मारामार, तिथे साखळीचा संडास म्हणजे चैन.

मातीचा मार्ग आला अप्पांकडून. १९४८ साली त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम सुरू केला. कणकवली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होती. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. गोपुरीत मेलेल्या जनावराचं कातडं सोडवण्यापासून मैल्याचं सोनखत करण्यापर्यंत, समाजाने ज्या कामांना नाक मुरडलं ती सगळी कामं अप्पा स्वतः करत. मैला माती आणि पालापाचोळ्याने झाकायचा, कुजू द्यायचा, शेताला घालायचा. त्यांच्या हिशेबात मैला ही संपत्ती होती आणि ती पाण्यात वाहवणं ही उधळपट्टी.

हिशेब चोख होता, तरी कोकणात पाण्यानेच बाजी मारली. एक कारण हवामानाचं. मातीच्या संडासाला प्रत्येक वेळी ओंजळभर कोरडी माती लागते, आणि मृगापासून हस्तापर्यंत कोकणात कोरडी माती साठवून ठेवली तरच मिळते. दुसरं कारण जास्त खोल आहे. सोनखत कितीही उत्तम झालं तरी ते बाहेर काढायला कोणीतरी लागतं, आणि ते ‘कोणीतरी’ कोण, हे गावाने आधीच ठरवून टाकलेलं होतं. अप्पांसारखी माणसं स्वतः फावडं घेत, बाकीचे घेत नव्हते.

सरकारी पातळीवरही हा प्रश्न त्याच सुमारास पुढे आला. मुंबई सरकारने १९४९ साली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला व्ही. एन. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशी १९५५ मध्ये केंद्राने राज्यांकडे धाडल्या. शिफारशी कागदावर राहण्याची आपल्याकडची परंपरा त्याही वेळी पाळली गेली.

कोंडी फोडली ती भांड्याने. १९५०च्या दशकात पूनामल्ली, सिंगूर, नजफगढ इथल्या प्रयोगांतून आणि लखनौच्या प्लॅनिंग रिसर्च अँड ॲक्शन इन्स्टिट्यूटमधून खेड्यासाठी वेगळं भांडं तयार झालं. त्याचा उतार तीव्र ठेवला, सुमारे २५ अंशांचा. ट्रॅपमधल्या पाण्याचं बूच नेहमीच्या ५० मिलिमीटरऐवजी फक्त २० मिलिमीटर. बूच उथळ आणि उतार उभा, म्हणून दीड-दोन लिटर पाण्यात काम भागतं. म्हणजे एक टमरेल आणि वर थोडं. सड्यावर जाताना माणूस जेवढं पाणी नेत होता, जवळपास तेवढ्यातच घरचा संडास चालू लागला. कोकणाच्या दृष्टीने कमिंगच्या पेटंटपेक्षा हे तीन सेंटिमीटर वाचवणं मोलाचं ठरलं.

वास अडला तसा संडास परसाच्या टोकावरून न्हाणीघराच्या शेजारी सरकला, पुढे सरळ घरात आला. मागची झडप बुजवली गेली. बोळ शेजाऱ्याशी भांडणापुरती उरली.

मात्र बुचाची भिस्त सांध्यावर असते, आणि सांधा गवंड्याच्या हातात. जुन्या पद्धतीत ट्रॅपचं तोंड खापरी पाइपाच्या रुंद कानात बसवायचे. मधल्या फटीत डांबरात भिजवलेली सुतळी ठासायची, म्हणजे ओला माल आत उतरून पाइप अडत नाही. मग वरून सिमेंट-वाळूचा घट्ट माल भरून कड तिरकी घोटायची. बीडाचा पाइप असेल तर सुतळीवर वितळलेलं शिसं ओतून छिन्नीने ठोकायचं. शिसं ओतणारा कारागीर गावात नसे, मोठ्या इमारतीवरच दिसे. भांडं वाळूच्या थरावर बसवून पातळी बघायची, ते एका बाजूला कललं तर बुचाची खोली त्या बाजूने कमी होते आणि वीस मिलिमीटरमध्ये कमी व्हायला फारसं काही नसतंच. पुढचा पाइप चाळीसाला एक या उताराने. उतार कमी पडला तर मैला बसतो. फार झाला तर पाणी पुढे पळतं, मैला मागे राहतो.

पीव्हीसी आल्यावर सुतळी गेली, रबरी रिंग आणि सोल्युशन आलं. काम सोपं झालं आणि निष्काळजीपणाही. कमोडच्या बुडाशी सफेद सिमेंटचा लपेटा मारला की सांधा झाला, असं मानणारे कारागीर पुष्कळ आहेत. सिमेंट ताठ असतं, कमोड वापरात किंचित हलतो, आणि लपेट्याला केसाएवढी चीर जाते. पाणी दिसत नाही, वास येतो. मग घरमालक ट्रॅपला दोष देतो.

जांभ्याच्या मुलखात आणखी एक भानगड आहे. चिरा स्वस्त आणि जवळचा, म्हणून सेप्टिक टाकी चिऱ्याची बांधतात; पण जांभा सच्छिद्र असतो आणि आतून गिलावा नीट नसेल तर टाकी शोषखड्ड्याचंच काम करते. खाली भेगा असतील तर पाणी विहिरीकडे जातं. शौचखड्डा विहिरीपासून किमान दहा मीटर लांब असावा असं सांगतात. कोकणातल्या चिंचोळ्या उतरत्या आगरात ते अंतर मोजताना, शेजाऱ्याची विहीर मोजायची राहूनच जाते.

गणपती आणि शिमग्यापुरतीच उघडणारी घरं हाही कोकणाचा खास प्रकार. मधल्या महिन्यांत ट्रॅपमधलं पाणी उडून जातं, बूच नाहीसं होतं आणि मुंबईहून आलेल्या कुटुंबाचं स्वागत गटाराच्या वासाने होतं. टाकी भरली असावी असं वाटून प्लंबर बोलावला जातो. बादलीभर पाणी ओतलं असतं तरी पुरलं असतं.

अप्पा १९७१ साली गेले. त्यांच्या नावाची संस्था मात्र उभी राहिली ती देहूत: अप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन. ती घडवली डॉ. सुहास मापुसकर यांनी. देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून गेलेल्या या गृहस्थाने संडासाला जोडलेला ‘मलप्रभा’ बायोगॅस संच विकसित केला, म्हणजे बुचातून गेलेल्या मैल्यातून अप्पांची संपत्ती पुन्हा वसूल करण्याची सोय केली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याआधीच्या वर्षी, ग्रामीण स्वच्छतेच्या देशव्यापी पाहणीत सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांत अप्पांच्या कणकवलीचा सिंधुदुर्ग पहिला आला होता.

टोपलीचे संडास कायद्याने बंद झाले ते १९९३ मध्ये. २०१३च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टाकीत साधनांविना माणूस उतरवणंही गुन्हा ठरवलं. तरी टाकी भरतेच. ती माणसाने उपसावी लागू नये म्हणून दोन शोषखड्ड्यांची पद्धत आहे. संडासातून येणाऱ्या पाइपला एक छोटी चौकोनी कुंडी, तिला दोन फाटे, दोन्हीकडे एकेक खड्डा. एक फाटा बंद ठेवायचा. पहिला खड्डा तीनेक वर्षांत भरला की तो फाटा बंद करून दुसरा उघडायचा. पहिल्यातल्या मैल्याचं दोन वर्षांत निर्धोक खत होतं आणि ते घरातलं कोणीही फावड्याने काढू शकतं. त्यासाठी कुंडीतला फाटा विटेच्या तुकड्याने आणि चिखलाने बुजवायचा असतो, उघडता येईल असा. रत्नागिरीच काय, कुठल्याही जिल्ह्यात कुंडी उघडून पाहिली तर हौशी गवंड्याने तिथे सिमेंट भरलेलं सापडण्याची शक्यता बरीच आहे. दुसरा खड्डा मग कोराच राहतो, पहिला तुडुंब भरतो आणि घरमालक टँकरवाल्याला फोन करतो.