आकाशातला वर्ग

माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. कॉलेजच एके काळी माझ्याकडे आले होते.

१५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केला. इन्सॅट-१ बी उपग्रहामार्फत नामांकित प्राध्यापकांचे धडे देशभर पोचू लागले. लहान गावच्या कॉलेजातील मुलालाही उत्तम अध्यापन लाभावे, हा हेतू.

पुढे अकोल्यात शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून मीही ते पाहत असे. धडे इंग्रजीत. एकदा पडद्यावर हृदय धडधडत होते, आणि मी नुसता पाहत होतो. शेजारची ताई कॉलेजात शिकत असे. तिने अंगणातल्या हापशीकडे बोट दाखविले. “त्यातलं पानी वापस जाते काय रे? झडप हाय ना! तसंच रगताचं.”

२००४ साली एज्युसॅट आला. त्यावर विद्यार्थ्यांना उलट प्रश्न विचारण्याची सोय होती. २०२० च्या टाळेबंदीत तर कॉलेज मोबाइलवरच भरले. अमरावतीला शिकणारी माझी पुतणी अकोल्याच्या घरी बसून व्याख्याने ऐके. एके दिवशी तिने मोबाइल खाली ठेवला.

“काका, सरांचं सारं आयकू आलं, पन समजलं नाई. आता कोनाले विचारू?”

मी तिला घेऊन अंगणात गेलो.