घरचा नमस्कार आणि तालमीची माती

जिम लावावी की घरीच व्यायाम करावा, हा प्रश्न आपण बहुधा फीच्या आणि वेळेच्या हिशेबाने सोडवतो. वास्तविक त्याला इतिहासही आहे.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे घरच्या व्यायामाचे कट्टर पुरस्कर्ते. देहापुरती जागा, साधन नाही, खर्च नाही. स्त्री-पुरुष, लहानथोर सर्वांना साधेल असा सूर्यनमस्कार त्यांनी संस्थानातील शाळांतून रुजवला. १९३८ मध्ये त्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले.

तालमीची रीत निराळी. तिथे वस्ताद हवा, जोडीदार हवा. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या हनुमान व्यायामशाळेचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आला. हे एकट्याने साधणारे काम नव्हे.

आमचा घाटनांदूर-अंबाजोगाईचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. घरात कोणी शंभर नमस्कार घातले, तरी दरबाराला त्याचे सोयरसुतक नसे. आखाडा काढायचा तर मात्र सरकारी परवानगी लागे. कारण उघड आहे. चार तरुण रोज जिथे एकत्र घाम गाळतात, तिथे दंडांबरोबर परस्परांवरची भिस्तही वाढते. सत्तेला धास्ती होती ती या दुसऱ्या बळाची.

शरीर घरीही घडते. म्हणून जिम लावताना एवढेच पाहावे, की शेजारी व्यायाम करणारा आपल्याला नावाने ओळखतो का. कानांत गाणी घालून आरशासमोर एकट्यानेच घाम गाळायचा असेल, तर औंधकरांचा घरचा नमस्कार काय वाईट?