बिया नसलेल्या संत्र्याची वंशावळ

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात रिव्हरसाइड नावाचे शहर आहे. तेथील मॅग्नोलिया आणि आर्लिंग्टन या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, कुंपणाआड, एक संत्र्याचे झाड उभे आहे. वय दीडशे वर्षांहून अधिक. त्याला आजही फळे लागतात आणि त्या फळांत बी नसते. मग या झाडाचा वंश जगभर पसरला कसा? #थ्रेड

या जातीचे नाव ‘वॉशिंग्टन नेव्हल’. नेव्हल म्हणजे बेंबी. फळाच्या टोकाशी आणखी एक इवलेसे फळ अर्धवट वाढलेले असते आणि बाहेरून ते बेंबीसारखे दिसते. आपण याला संत्रे म्हणत असलो, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते नागपुरी संत्र्यापेक्षा मोसंबीचे जवळचे भावंड आहे. त्याचा उगम ब्राझीलमधील बाहिया प्रांतातला.

सामान्यतः फुलावर पराग पडतो, फलन होते, बीजांडाचे बी होऊ लागते. हे कोवळे बी जी संप्रेरके निर्माण करते, त्यांच्या प्रभावाने अंडाशय फुगतो आणि त्याचे फळ बनते. थोडक्यात, फळ हा बीच्या बाळंतपणाचा सोहळा असतो. नेव्हलच्या फुलात मात्र कामाचा पराग तयारच होत नाही आणि बहुतेक बीजांडेही निकामी असतात. तरी अंडाशय वाढतो, कारण वाढीस लागणारी संप्रेरके त्याच्याच पेशी पुरवतात. मधमाशी आली काय अन् न आली काय, फळ धरते. आपले रोजचे केळे याच पंथातले. नाशिक-सांगलीकडची बिनबियांची द्राक्षे मात्र नव्हेत. तेथे परागीभवन होते, फलनही होते, फक्त बी कोवळेपणीच वाढायचे थांबते. या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते.

ज्या फळाला बी नाही, त्याला संततीही नाही. असे झाड टिकवायचा मार्ग एकच: त्याचा डोळा काढून दुसऱ्या खुंटावर भरायचा. विदर्भातल्या बागाइतदाराला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. पण याचा अर्थ असा की जगातले प्रत्येक नेव्हलचे झाड हे एकाच झाडाचा तुकडा आहे.

१८७० मध्ये बाहियाहून १२ कलमे वॉशिंग्टनला पोहोचली. अमेरिकी कृषी विभागाच्या बागांचे अधीक्षक विल्यम साँडर्स यांनी ती काचगृहात वाढवली आणि त्यांचे डोळे भरून नवी रोपे केली. त्यांतली काही १८७३ मध्ये एलायझा टिबेट्स या बाईंकडे गेली. एलायझा स्त्रियांच्या मताधिकाराच्या पुरस्कर्त्या, परलोकविद्येवर श्रद्धा असलेल्या. पती ल्यूथर यांच्यासह रिव्हरसाइडच्या नव्या वसाहतीत संसार मांडणाऱ्या. रोपे तीन होती, त्यांतले एक गाईने तुडवले, आणि उरलेली दोन एलायझांनी भांडी विसळलेल्या पाण्यावर जगवली, असे तिथे सांगितले जाते. गाईची गोष्ट दंतकथा असू शकेल. दोन झाडे जगली हे नक्की.

फळे आली आणि गाव चकित झाले. हिवाळ्यात पिकणारे, सहज सोलले जाणारे, दूरच्या प्रवासात टिकणारे, बी नसलेले गोड फळ! डोळ्यांना मागणी इतकी वाढली की चोरी होऊ नये म्हणून ल्यूथर यांनी झाडांभोवती काटेरी तार लावली. पुढे रेल्वे आली, पूर्वेकडची बाजारपेठ उघडली आणि १८९३ मध्ये बागाइतदारांचा सहकारी संघ उभा राहिला. ‘सनकिस्ट’ हे नाव त्याच संघाचे.

टिबेट्स दांपत्याच्या हाती यातले फारसे उरले नाही. ल्यूथर यांचा स्वभाव कोर्टकचेरीचा, जमीन गेली. एलायझा १८९८ मध्ये वारल्या. ल्यूथर यांनी १९०२ मध्ये सरकारी अनाथाश्रयात देह ठेवला. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्ते त्यांचेच एक झाड शहरातील एका प्रसिद्ध हॉटेलच्या आवारात समारंभपूर्वक पुन्हा लावले गेले. ज्यांनी ते जगवले, ते दोघेही तोवर नव्हते.

योगायोग असा, की १९०२ मध्येच फ्रिट्झ नॉल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने अशा फळधारणेला शास्त्रीय नाव दिले: पार्थेनोकार्पी, मराठीत अनिषेकफलन. शेतकरी जे तीस वर्षे विकत होता, त्याला शास्त्राने तेव्हा कुठे शब्द दिला. कारण कळायला आणखी काळ गेला. १९३६ मध्ये मिशिगन विद्यापीठातील फेलिक्स गुस्टाफसन यांनी परागाऐवजी संप्रेरके लावून बिनबियांची फळे धरवून दाखवली.

हॉटेलमधले झाड १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला गेले. कोपऱ्यावरचे झाडही बुंधा सडून मरणपंथाला लागले होते. १९१८ मध्ये तेथील लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी त्याच्याभोवती इतर लिंबूवर्गीय जातींची रोपे लावली आणि त्यांचे शेंडे सडक्या भागाच्या वर बुंध्यात जोडले. १९५१ मध्ये तोच उपचार पुन्हा करावा लागला. ज्या झाडाला स्वतःचे बी नाही, ते आज दुसऱ्यांच्या बियांतून उगवलेल्या मुळांवर उभे आहे.

आता धोका ‘ग्रीनिंग’ रोगाचा. एक बारीक रसशोषक कीटक तो पसरवतो आणि त्यावर इलाज सापडलेला नाही. म्हणून अलीकडे त्या संपूर्ण झाडावर बारीक जाळीचा तंबू उभारला आहे. त्या जाळीतून मधमाशीही आत जाऊ शकत नाही. तरीही आत फळे धरतात.