वेचलेल्या शिंपल्यांची शाळा

हरतालिकेची पत्री आणावयास मुलें आईबरोबर टेकडीवर जातात, तेव्हां परडींत देवापुरतीं पानें असतात आणि खिशांत त्यांची स्वतःची संपत्ति: एखादा गुळगुळीत गोटा, गुंजेची शेंग, पक्ष्याचें पीस. परडीस घरांत मानाची जागा मिळते. खिसा मात्र दाराबाहेर झाडून घेतला जातो. मींहि माझ्या मुलांचे खिसे असेच झाडले आहेत. त्या खिशांतील ऐवजास शिक्षणांत स्थान कसें मिळालें, याचा एक इतिहास आपल्याच महाराष्ट्रांत घडला आहे.

बालशिक्षणाचा आधुनिक विचार आपल्याकडे आला, तो साधनांच्या पेटीसह. फ्रेबेल यानें १८३७ सालीं जर्मनींत ब्लांकेनबुर्ग येथें कार्य आरंभिलें व १८४० मध्यें त्यास ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, असें नांव दिलें. चेंडू, घन, दंडगोल हीं त्याचीं ठराविक साधनें. पुढें १९०७ सालीं डॉ. मॉन्टेसोरी यांनीं रोममधील एका गरीब वस्तींत बालगृह उघडलें. आकार, रंग, वजन यांपैकीं एकच गुण एका वेळीं मुलाच्या इंद्रियांपुढें यावा, म्हणून त्यांचीं साधनें काटेकोर मापानें घडविलेलीं असत. हेतु थोर होता. परंतु अशी पेटी खेड्यास परवडणारी नव्हती.

गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर काढलें. ताराबाई मोडक तेथें त्यांच्या सहकारी झाल्या, व १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढें दादरच्या शिशुविहारांत शहरी मुलांमध्यें काम केल्यावर १९४५ सालीं ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं गेल्या. अनुताई वाघ तेथेंच त्यांना येऊन मिळाल्या. मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच या दोघींनीं शाळाच वस्तीच्या अंगणांत नेली. पुढें कोसबाडला गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणांतहि गेली. इंद्रियशिक्षणाचें तत्त्व त्यांनीं राखलें, पेटी मात्र सोडली. शंखशिंपले, गोटे, बिया, पानें, फुलें, काटक्या हींच साधनें झालीं.

हा केवळ काटकसरीचा उपाय होता, असें म्हणणें अन्यायाचें होईल. घडविलेल्या साधनांतील भेद दुसऱ्या कोणीं अगोदरच ठरविलेला असतो. मूल तो ओळखतें. त्या ओळखीनें लागणारी एकाग्रतेची शिस्त कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु वाळूंतील दोन शिंपले कधीं तंतोतंत सारखे नसतात. हा घ्यावा कीं तो, दोन्ही शेजारीं ठेविल्यास शोभतील कीं नाहीं, याचा निर्णय मुलास स्वतःच करावा लागतो. तोच शिंपला मग मोजतां येतो, क्रमानें लावतां येतो, आणि पानाफुलांच्या रांगोळींत मांडतांहि येतो. कुंचला हातीं येण्यापूर्वीं कलेचा आरंभ होतो, तो या निवडींत.

त्या भागांतील वारली घरांना तर ही गोष्ट परकी नव्हतीच. लग्नकार्यांत सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहिणाऱ्या बायका तेथें पिढ्यान्‌पिढ्या आहेत. चित्राचा रंग शेतांतून येतो, हें तेथील मूल शाळेवांचूनहि जाणतें. या दोघींच्या शाळेनें त्या जाणिवेस ज्ञान म्हणून मान दिला. सुशिक्षित घरांत हा मान अजून दुर्मिळ आहे. हस्तकलेच्या तयार पेट्या आपण कौतुकानें विकत आणतों, आणि खिसे झाडतों.

परवा समुद्रावरून आलेल्या नातवानें सुरूचें एक वाळकें फळ माझ्या टेबलावरील कागदांवर ठेविलें. संवयीनें तें उचलून टाकणार, तोंच मी थांबलों. दुसऱ्या दिवशीं त्याच्याशेजारीं दुसरें, जरासें लहान, येऊन बसलें. तिसऱ्या दिवशीं त्याहूनहि लहान. माझे कागद आतां टेबलाच्या दुसऱ्या कडेस गेले आहेत.