नाशिकरोडची प्रेस आणि दुसरं महायुद्ध

नाशिक आणि युद्ध असं म्हटलं की आपल्याला पटकन दोन गोष्टी आठवतात. एक देवळालीच्या तोफा, दुसरी ओझरची विमानं. पण माझ्या मते युद्धाशी या गावाचा सगळ्यात मोठा संबंध आला तो नाशिकरोडच्या प्रेसमुळे. हो, तीच नोटांची प्रेस. तिथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशात नोटा छापणारा हा एकमेव कारखाना होता.

आता तुम्ही म्हणाल, नोटांचा आणि युद्धाचा काय संबंध? सांगतो.

युद्धाला माणसं लागतात, धान्य लागतं, कापड लागतं, पोलाद लागतं. हे सगळं आधी कुणीतरी वापरत असतंच. युद्ध सुरू झालं की सरकारला ते सामान्य माणसाच्या हातून काढून सैन्याकडे वळवावं लागतं. त्याचे मार्ग मुळात तीनच: कर लावा, कर्ज घ्या किंवा नोटा छापा.

ब्रिटनने आपल्या घरी पहिल्या दोन मार्गांवर भर दिला. आयकराचा मूळ दर १९४१ मध्ये ५० टक्क्यांवर नेला. जानेवारी १९४० पासूनच रेशनिंग सुरू केलं. केन्ससारखा अर्थतज्ज्ञ पगारातला काही भाग सक्तीने कापून युद्धानंतर परत द्या म्हणत होता, आणि सरकारने ते काही प्रमाणात ऐकलं. त्रास झाला, पण तो संसदेत चर्चा होऊन, सगळ्यांना सांगून.

आपल्याकडे काय झालं? ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने भारत युद्धात उतरल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं. इथल्या कुणालाही विचारलं नाही. निषेध म्हणून काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं बाहेर पडली. नाशिक तेव्हा मुंबई प्रांतात होतं, तिथल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानेही नोव्हेंबरात राजीनामा दिला. गंमत बघा, त्याच नोव्हेंबरात युद्धखर्चाच्या वाटणीचा करार ठरला. भारताच्या स्वतःच्या संरक्षणाचा खर्च भारताने करायचा, त्यावरचा बहुतेक खर्च ब्रिटनने.

ऐकायला छान वाटतं ना? खरी मेख पुढे आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर क्लायंट लंडनला, काम इथे. बिल मंजूर होतं, पण पैसे जमा होतात क्लायंटच्याच गावातल्या बँकेत. पासबुकात आकडा दिसतो, पण प्रोजेक्ट संपेपर्यंत काढता येत नाही. इथल्या लोकांचे पगार मात्र आजच द्यायचेत. मग? रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात पौंडांतले रोखे नोटांसाठी तारण म्हणून चालत. लंडनमध्ये रोखे जमा झाले की त्यांच्या आधारावर इथे नोटा काढता येत. त्या छापायच्या कुठे, तर नाशिकला.

कर इथेही वाढले, कर्जरोखेही निघाले, पण ते पुरले नाहीत. १९३९ मध्ये चलनात साधारण १८० कोटींच्या नोटा होत्या. १९४५ पर्यंत तो आकडा ११०० कोटींच्या वर गेला. सहा वर्षांत सहापट! धान्य, कापड मात्र सहापट झालं नाही. उलट त्यातला मोठा वाटा सैन्याकडे गेला. माल तेवढाच आणि बाजारात एक नवीन गिऱ्हाईक, ज्याच्या हातात कोऱ्या करकरीत नोटा. घाऊक किमती युद्ध संपेपर्यंत दुपटीहून जास्त वाढल्या.

लोकांना याचा वास आधीच लागला होता. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा नोटा देऊन चांदीचे रुपये घ्यायला झुंबड उडाली. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी बाळगणं हा गुन्हा ठरवला, एक रुपयाची नोट पुन्हा आणली आणि रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९४३ मध्ये तांबं वाचवण्यासाठी पैशाच्या नाण्याला मधोमध भोक पाडलं. तो भोकाचा पैसा आमच्या घरी अजून देव्हाऱ्यात आहे. आजी त्याला 'लढाईतला पैसा' म्हणायची.

पण याची झळ सगळ्यांना सारखी बसली नाही. ज्याच्याकडे साठवलेला माल होता किंवा सैन्याची कंत्राटं होती त्याची चांदी झाली. ज्याची मजुरी ठरलेली होती तो मेला. हे मी अलंकारिक बोलत नाहीये. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं गेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात दाखवलं की युद्धाच्या तेजीत कलकत्त्यात पैसा खेळत होता, भाताच्या किमती चढत होत्या, आणि खेड्यातल्या शेतमजुराच्या मजुरीत तो भात येईनासा झाला. कारणं इतरही होती, पण नोटांचा हा पूर त्यातलं एक मोठं कारण. मुंबईत त्याच वर्षी रेशनिंग आलं. खेड्यातल्या मजुराला मात्र वाली नव्हता.

आणि लंडनच्या पासबुकाचं काय? युद्ध संपलं तेव्हा तिथे भारताचे सुमारे १३० कोटी पौंड साठले होते. काल ज्याचं राज्य होतं तो आपला ऋणको झाला! पण पैसे हप्त्याहप्त्याने सुटले, आणि १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं तेव्हा डॉलरच्या हिशेबात ३० टक्के किंमत गेली. शिवाय ते परत आले देशाच्या तिजोरीत, त्या शेतमजुराच्या घरात नाही.

आता १९६२ बघा. चीनने हल्ला केला तेव्हा सरकारने लोकांना उघडपणे मागितलं. संरक्षण निधीत लोकांनी पैसे दिले, बायकांनी अंगावरचं सोनं उतरवून दिलं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकनेच त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. तेव्हाही सगळं गोड नव्हतं. जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी आली आणि हजारो सोनारांचं काम गेलं. पण निदान तो निर्णय कुणाचा हे माहीत होतं. त्यावर ओरडता येत होतं, मतदान करता येत होतं. लोक ओरडलेही.

मला या दोन युद्धांतला फरक इथे दिसतो. कर लावला तर पावती मिळते, कर्ज घेतलं तर रोखा मिळतो. नोटा छापून वसूल केलेल्या कराची पावती मिळत नाही, आणि तो सगळ्यात आधी ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून वसूल होतो. म्हणून टीव्हीवर कुणी युद्धाच्या गोष्टी करायला लागलं की किती विमानं, किती रणगाडे हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, पैसे कुणाकडून घेणार आहात आणि त्याला सांगितलंय का?