विटेच्या जन्माला आलेली बाटली

सोन्याच्या आशेने गर्दी लोटली की घरं कमी पडतात, दारू कधीच कमी पडत नाही. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात, ऱ्हायोलाइट गावी, लाकूड दुर्मिळ होतं आणि गुत्त्यांमागे बाटल्यांचे ढीग. टॉम केली नावाच्या गृहस्थाने १९०६ च्या सुमारास हजारो बाटल्या चिखलात आडव्या रचून घर बांधलं. ते अजून आहे.

पण ते अडल्या हरीचं काम. बाटली घडवतानाच तिच्या पुढच्या जन्माची सोय करायचं सुचायला अर्धशतक गेलं, आणि सुचलं ते एका बिअरवाल्याला. १९६० साली आल्फ्रेड हाइनेकेन कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ बेटावर गेला. किनाऱ्यावर बाटल्यांचा खच पडलेला. त्याच्या देशात, नेदरलँड्समध्ये, रिकाम्या बाटल्या कारखान्यात परतत, धुऊन पुन्हा भरल्या जात. आपल्याकडे भंगारवाल्यामार्फत चालतो तोच फेरा. पण कुरासाओहून समुद्रापार रिकामी काच न्यायची कुणी? आणि त्याच बेटावर गरिबाला घर बांधायला परवडेल असं सामान नव्हतं.

हाइनेकेनने जॉन हाब्राकेन या डच वास्तुविशारदाला गाठलं. घर कसं असावं यात राहणाऱ्याचा हात हवा, असं हाब्राकेन १९६१ च्या पुस्तकात मांडून बसला होता, म्हणजे माणूस अचूक निवडला. त्याची पहिली, उभी रचायची बाटली मात्र कंपनीच्या विक्रीवाल्यांना बायकी वाटली. विटेने मर्दानी दिसावं, असा आग्रह जगात पहिल्यांदाच धरला गेला असावा!

शेवटी ठरली ती चौकोनी, आडवी रचायची. आडवेपणी भार सोसायचा म्हणून काच जाड. मान आखूड, पुढच्या बाटलीच्या बुडातल्या खोबणीत बसणारी. अंगावर बारीक उंचवटे, सिमेंटचा माल धरून ठेवायला. खरी पंचाईत कोपऱ्यांची आणि खिडक्यांची होती. गवंडी वीट थापीने तोडून अर्धी करतो. बाटली कशी तोडणार? म्हणून दोन मापांच्या बाटल्या काढल्या. नाव ठेवलं 'वोबो', म्हणजे 'वर्ल्ड बॉटल'. दहा बाय दहाच्या खोलीला साधारण हजार बाटल्या पुरतील, असा हिशेब होता.

१९६३ मध्ये त्या हजारोंनी तयार झाल्या. हाइनेकेनच्या नोर्डवाइकच्या जागेत एक छोटी शेड उभी राहिली, आणि गाडी तिथेच अडली. कंपनीतच उत्साह नव्हता. पुढे ब्रिटिश लेखक मार्टिन पॉली याने १९७५ च्या 'गार्बेज हाउसिंग' पुस्तकात वोबोची बाजू लावून धरली. वोबोच्या भिंती आणि तेलाच्या पिंपांचे खांब असा आराखडाही एकाने काढला; तो कागदावरच राहिला.

१९८४ पासून थायलंडच्या सिसाकेत प्रांतातले भिक्खू मात्र बाटल्यांचा विहार बांधू लागले. दहा लाखांहून जास्त बाटल्या लागल्या, बुचांचीही नक्षी झाली. त्यातल्या हिरव्या बाटल्या हाइनेकेनच्याच, पण नेहमीच्या, गोल.