बेटावरचें घर व बाहेरची वाट

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत, टेक्सास राज्यांतील ह्यूस्टन शहरीं स्थायिक झाला आहे. तेथून सुमारें पन्नास मैलांवर मेक्सिकोच्या आखातांत गॅल्व्हेस्टन नांवाचें एक लांबट, रेतीचें बेट आहे. त्यावरील एक घर विकावयाचें निघालें असून किंमत बेताची, समोर समुद्र, आणि विम्याचा हप्ता जड असला तरी झेपण्यासारखा, असें त्यानें मला कळविलें. व "आपण इतिहास शिकवितां, तेव्हां घ्यावें कीं नाहीं तें सांगा," अशी पुस्ती जोडली. घराच्या खरेदींत इतिहासाच्या अध्यापकाचा सल्ला घेणारा गृहस्थ विरळाच! परंतु या एका बेटापुरता तरी त्याचा प्रश्न अस्थानीं नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅल्व्हेस्टन हें भरभराटीचें बंदर होतें. कापसाचा व्यापार, श्रीमंतांचे वाडे, सदतीस हजारांवर वस्ती. आणि सर्वांत उंच जमीन समुद्रसपाटीपासून नऊ फुटांहूनहि कमी. त्याच किनाऱ्यावरील इंडियानोला हें बंदर १८७५ व १८८६ अशा दोन तुफानांनीं धुऊन नेलें, आणि दुसऱ्या खेपेनंतर लोकांनीं तें सोडूनच दिलें. गॅल्व्हेस्टनांत तेव्हां समुद्राकडे भिंत बांधण्याची गोष्ट निघाली व विरून गेली. सरकारी हवामान-कचेरीचे स्थानिक प्रमुख आयझॅक क्लाइन यांनीं तर १८९१ सालीं वृत्तपत्रांत लेख लिहून, तुफानापासून या शहरास गंभीर धोका आहे ही समजूत भ्रामक ठरविली. क्लाइन हे अडाणी नव्हते. आपल्या शास्त्रांत निष्णात होते. शहाण्या माणसाला आपल्या गांवाविषयीं वाटणारी ममता किती महाग पडते, हें मात्र त्यांच्याइतकें कोणाला भोगावें लागलें नसेल.

८ सप्टेंबर १९०० रोजीं, शनिवारीं, सकाळपासूनच सखल रस्त्यांत पाणी शिरूं लागलें. मुलें त्यांत खेळत होतीं. बेटावरून मुख्य भूमीकडे जाणारे पूल होते. तेहि लाटांनीं मोडून टाकले. बोमॉंटहून आलेली एक आगगाडी समोरच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर अडकून पडली, कारण तिला पलीकडे नेणारी नाव धक्क्यास लागूं शकेना. थोडे उतारू पाण्यांतून चालत दीपगृहांत गेले, ते वांचले. गाडींत राहिलेल्यांपैकीं कोणी उरला नाहीं. क्लाइन यांचें घर भक्कम, म्हणून शेजारींपाजारीं मिळून सुमारें पन्नास माणसें त्याच्या आश्रयास आलीं होतीं. वाहत आलेल्या लोहमार्गाच्या एका तुकड्याचे धक्के बसून तें घर कोसळलें. क्लाइन वांचले, त्यांची गर्भवती पत्नी गेली. त्या रात्रीं शहरांत निदान सहा हजार, आणि बहुधा आठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं.

यानंतर नागरिकांनीं जें केलें त्याचें कौतुक केल्यावांचून राहवत नाहीं. १९०४ पर्यंत तीन मैलांहून लांब व सतरा फूट उंच भिंत उभी राहिली. मग दोन हजारांहून अधिक इमारती जॅकवर उचलून त्यांच्याखालीं समुद्रांतून उपसलेली रेती भरली, देवळेंसुद्धां उचललीं! १९१५ च्या तुफानांत ती भिंत टिकली आणि शहर तरलें. पण जमिनीचा उतार भिंतीकडून मागील खाडीकडे ठेवलेला होता, आणि २००८ च्या 'आइक' तुफानांत पाणी आलें तें खाडीच्या बाजूनें. भिंत आपल्या जागीं अभंग उभी, आणि शहरांत पाणी!

आइकची दुसरी एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. तुफानाचा मध्य किनाऱ्यास लागला १३ सप्टेंबरच्या पहांटे. परंतु बोलिव्हरवरचा एकमेव राजमार्ग आदल्या दिवशीं सकाळींच पाण्याखालीं गेला होता. वारा खरा सुटण्यापूर्वींच बाहेरची वाट बुडाली. दुपारीं पाहूं म्हणणाऱ्यांना दुपार उरलीच नाहीं. कित्येकांना हेलिकॉप्टरनें उचलावें लागलें.

तर मग आधींच निघावें, हें उघड आहे. पण निघणें हेंहि बिनधोक नव्हे. २००५ च्या सप्टेंबरांत, न्यू ऑर्लिन्सच्या दुर्दशेला महिनाहि उलटला नसतां, 'रीटा' येत आहे असें कळतांच ह्यूस्टन व किनारा मिळून पंचवीस लाखांवर माणसें रस्त्यावर आलीं. ज्यांना जाण्याची गरज नव्हती तेहि निघाले, आणि बेटावरच्यांची वाट तर ह्यूस्टनमधूनच जाते. मोटारी तासन् तास उन्हांत जागच्या जागीं उभ्या, पेट्रोल संपलेलें, उलट दिशेचे मार्ग मोकळे करण्यास उशीर झालेला. वृद्धाश्रमांतील माणसांना नेणाऱ्या एका बसला डलासजवळ आग लागली, आंतील प्राणवायूच्या नळकांड्यांचे स्फोट झाले, व तेवीस वृद्ध दगावले. त्या पलायनांत एकूण शंभराच्या आसपास बळी गेले. तुफान पूर्वेकडे वळलें. ह्यूस्टनचें फारसें कांहीं बिघडलें नाहीं.

माझ्या विद्यार्थ्याजवळ त्याची वृद्ध आई राहते. तिला रात्रीं श्वासासाठीं विजेवर चालणारें यंत्र लागतें, आणि मोटारींत दोन तासांवर बसवत नाहीं. घराचे खांब किती उंच, छप्पर कोणत्या वाऱ्याला टिकेल, याचा तपशील त्यानें दोन पानें भरून लिहिला होता. आईचा उल्लेख कुशल कळवितांना एका ओळींत. मीं त्याला उलट विचारलें, कीं स्वच्छ ऊन पडलेलें असतांना, तुफान येईलच असें नसतांना, दर एकदोन वर्षांनीं तिला उचलून दूर नेण्याची तुझी तयारी आहे काय? तिसऱ्या फुकट खेपेनंतर चौथ्यांदा ती येईल काय? आणि एवढें तरी कर: विकणाऱ्याला खांबांची उंची विचारूं नको, आइकच्या वेळीं तो कोणत्या दिवशीं, किती वाजतां निघाला आणि कोणत्या रस्त्यानें गेला, तें विचार.

आठवड्यानें त्याचें उत्तर आलें. विकणाऱ्यानें तें घर घेतलें होतें २०१० सालीं.